सगळ्या शाखांना डेटा साक्षरतेचा एकच कोर्स चालेल का?

तुम्ही विचारलंय की कला, वाणिज्य, विज्ञान अशा सगळ्यांना पदवीच्या पहिल्या वर्षी डेटा साक्षरतेचा, म्हणजे आकडे आणि माहिती तपासून वाचायला शिकवणारा, एकच कोर्स ठेवला तर चालेल का. पाया एकच ठेवा, सराव मात्र शाखेप्रमाणे वेगळा द्या, कारण मुलं वेगवेगळ्या ठिकाणी अडखळतात.

विज्ञानाच्या मुलांची आकडेमोड पक्की असते, पण समोरच्या फाइलवर त्यांचा फार विश्वास असतो. ‘सेप्ट२’ हे जनुकाचं नाव टाइप केलं की एक्सेल त्याची २ सप्टेंबर ही तारीख करून टाकायचं. हा घोळ इतका पसरला की २०२० मध्ये अशा जनुकांची नावंच बदलावी लागली. तारखेसारखा दिसणारा रकाना आधी ‘टेक्स्ट’ (साधा मजकूर) करायचा, मग त्यात माहिती भरायची, ही सवय त्यांना लावा.

वाणिज्यवाले टक्क्यांत फसतात. व्याजदर १० टक्क्यांवरून १५ टक्के झाला, तर फरक ५ अंकांचा, पण वाढ मात्र ५० टक्के. ‘कशाचे टक्के?’ हे दर वेळी लिहूनच घ्या.

कला शाखेची मुलं आकड्यांना बिचकतात, पण ‘हे कोणी मोजलं, कोणाला वगळलं?’ हा प्रश्न त्यांना आपसूक सुचतो. मला हे फार मोलाचं वाटतं. सुरुवात तिथूनच करा.

पहिल्या तासाला सूत्रं नकोत. ग्रंथालयाच्या देवघेवीची २०० ओळींची फाइल द्या आणि विचारा, एक ओळ म्हणजे काय? बहुतेक जण ‘एक विद्यार्थी’ म्हणतील. खरं तर एक ओळ म्हणजे एक देवघेव, आणि तेच ६० जण पुन्हा पुन्हा आलेले असू शकतात. ‘२०० विद्यार्थी वाचतात’ हा निष्कर्ष तिथेच कोसळतो. मग वयाच्या रकान्यात मुद्दाम घाण करून ठेवा: नऊ जणांचं वय २०, दहाव्याचं माहीत नाही म्हणून -९९. सरासरी येते ८.१. उत्तर विचित्र आहे हे न बघता पुढे जाणारे बरेच निघतात, म्हणून सरासरीआधी सर्वांत लहान आणि सर्वांत मोठी किंमत बघायला लावा.

मिश्र गटांसाठी अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाचे १९७३ चे पदव्युत्तर प्रवेश घ्या. एकूण बघता पुरुष अर्जदारांपैकी सुमारे ४४ टक्क्यांना आणि स्त्रियांपैकी सुमारे ३५ टक्क्यांना प्रवेश मिळाला. विभागवार पाहिलं तर तसा भेदभाव दिसेना, कारण जिथे सगळ्यांनाच प्रवेश अवघड होता अशा विभागांत स्त्रियांचे अर्ज जास्त होते. आधी फक्त एकूण आकडे दाखवा, मत लिहून घ्या, मगच विभागवार तक्ता द्या.

परीक्षेला बहुपर्यायी प्रश्न नकोत. अनोळखी फाइल आणि अर्धं पान द्या: ओळ कशाची, काय गहाळ आहे, कोणता निष्कर्ष काढता येणार नाही. निम्मे गुण शेवटच्या प्रश्नाला.