दिव्यांच्या चहाड्या सांगणारा चष्मा

प्रश्न : माझ्या मुलीला वाढदिवसाच्या पार्टीत रिटर्न गिफ्ट म्हणून पुठ्ठ्याचा चष्मा मिळाला. काचांच्या जागी साधं पारदर्शक प्लॅस्टिक आहे, रंग कुठेच नाही. पण घालून दिव्याकडे बघितलं की दोन्ही बाजूंना इंद्रधनुष्यं! हॉलमधल्या एलईडीची सलग पट्टी दिसते, पण जिन्यातल्या जुन्या सीएफएलचे मात्र हिरवे, तांबडे, निळे असे सुटे दिवे दिसतात. असं का? क्लासमध्ये तिला सांगितलं, की आत बारीक बारीक लोलक (प्रिझम) असतात. डोळ्यांना अपाय नाही ना? सासूबाई म्हणतात, ‘मला तर चष्म्याशिवायच दिव्याभोवती रंगांची कडी दिसतात, त्यात काय एवढं!’
– एक वाचक, इस्लामपूर

उत्तर : लोलक नाहीत. माझ्यावर विश्वास ठेवू नका, आज रात्री स्वतःच बघा. दिव्याच्या सर्वांत जवळ कुठला रंग आहे? जांभळा-निळा. आणि सर्वांत लांब? तांबडा. लोलकात हे नेमकं उलटं असतं, तांबडा सर्वांत कमी वळतो. शिवाय लोलकातून बघितलं तर दिवा एकाच बाजूला सरकलेला दिसतो. इथे मधला दिवा पांढराच्या पांढरा जागेवर राहतो आणि रंग दोन्हीकडे सांडतात.

त्या प्लॅस्टिकवर रेघा असतात. एका मिलिमीटरमध्ये साधारण ५००. म्हणून नुसत्या डोळ्यांना ते कोरं वाटतं. मी ३४ वर्षं कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या लॅबमध्ये काढली. आमच्या ग्रेटिंगवर, म्हणजे अशाच रेघांच्या पट्टीवर, इंचाला १५,००० रेघा होत्या, आणि दर वर्षी पहिल्या प्रॅक्टिकलला कोणीतरी त्यावर अंगठा टेकवायचाच. बोटाचं तेल रेघांत बसलं की मग पुसायचीही सोय नाही. तुमच्या मुलीलाही सांगा, चष्मा पुठ्ठ्याला धरायचा.

आता रेघांनी रंग कसे वेगळे होतात? लेझमीची रांग डोळ्यांसमोर आणा. पोरं खांद्याला खांदा लावून उभी आहेत. सगळ्यांनी एकदम पाऊल टाकलं तर रांग सरळ पुढे जाईल. पण प्रत्येक जण शेजाऱ्यापेक्षा बरोबर एक पाऊल मागे राहिला, तरीही सगळ्यांचे पाय एकाच ठेक्यावर पडतात. फक्त रांग तिरकी होते. ज्यांचं पाऊल लांब, त्यांची रांग जास्त तिरकी. प्रकाशाचं पाऊल म्हणजे त्याची तरंगलांबी, लागोपाठच्या दोन लाटांमधलं अंतर. तांबड्याची साधारण ६५० नॅनोमीटर (मिलिमीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर), निळ्याची ४५०. रेघांमधल्या फटींतून निघालेल्या लाटा ज्या दिशेला एकमेकींशी ठेका जुळवतात तिथे उजेड दिसतो, बाकी दिशांना त्या एकमेकींना मारतात. तुमच्या चष्म्यात निळ्याचा ठेका सुमारे १३ अंशांवर जुळतो, तांबड्याचा १९ अंशांवर. सरळ समोर मात्र कोणीच मागेपुढे नसतं, तिथे सगळ्या रंगांचा ठेका जुळतो, म्हणून मधला दिवा पांढरा. पुस्तकात याला विवर्तन म्हणतात. सीडीवर रंग दिसतात तेही यामुळेच. तिच्यावरच्या ओळी एकमेकींपासून १.६ मायक्रोमीटरवर असतात.

हे कोडं जुनं आहे. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात फ्रान्सिस हॉपकिन्सन हे गृहस्थ एका संध्याकाळी दारात बसले होते. त्यांनी रेशमी रुमाल डोळ्यांसमोर ताणून रस्त्यावरच्या दिव्याकडे पाहिलं, तर जाड जाड पट्टे दिसले. रुमाल हलवला तरी पट्टे हलेनात. त्यांनी १७८५ साली डेव्हिड रिटनहाउस या खगोलशास्त्रज्ञाला पत्र लिहून विचारलं. (म्हणजे तोही वाचकाचाच प्रश्न म्हणायचा.) रिटनहाउसने दोन बारीक आट्यांच्या स्क्रूंवर केस ताणून जाळी केली आणि नोंदवलं, की तांबडा जास्त वळतो, निळा कमी. तुमच्याकडे तसा रुमाल नसेल तर पावसाळ्यात उघडलेल्या छत्रीच्या कापडातून लांबच्या दिव्याकडे बघा. रंगांची फुली दिसेल.

सीएफएलचं म्हणाल, तर चष्मा बिघडलेला नाही. त्याच्याकडे स्वतःचे रंग नाहीतच. दिव्यात जे आहेत तेच तो वेगळे करून दाखवतो. पांढऱ्या एलईडीत निळ्याबरोबर पिवळसर भुकटीचा अनेक रंगांत पसरलेला उजेड असतो, म्हणून सलग पट्टी. सीएफएलमध्ये पारा आणि भुकट्या मिळून मोजकेच रंग देतात, मधल्या जागा जवळजवळ रिकाम्या. म्हणून प्रत्येक रंगाचा एकेक अख्खा दिवा दिसतो, नळीच्या वेटोळ्यांसकट.

आमच्या डार्करूममधला सोडियमचा दिवा तर याहून कंजूष. लावला की आधी गुलाबी, मग दहाएक मिनिटांनी पिवळा. ग्रेटिंगमधून बघितलं तर इंद्रधनुष्याचा पत्ता नाही, फक्त पिवळी रेघ, सुमारे ५८९ नॅनोमीटरची. मुलं म्हणायची, ‘सर, ग्रेटिंग खराब आहे.’ तोच पिवळा तुमच्या स्वयंपाकघरातही आहे. वरण उतू गेलं की गॅसची निळी ज्योत पिवळी होते ना, ती मिठातल्या सोडियममुळे. तुम्ही चिमूटभर मीठ ज्योतीत टाका आणि मुलीला चष्मा घालून चार हात लांब उभं करा, पुठ्ठा आहे तो. बाजूला काठ स्पष्ट असलेली पिवळी ज्योत दिसेल. मग मेणबत्ती दाखवा. तिथे ज्योत रंगांत पार फरफटलेली दिसते.

बाजारात प्रत्येक दिव्याभोवती बदाम किंवा चांदण्या दाखवणारे चष्मेही मिळतात. तत्त्व हेच, पण तिथे सरळ रेघांऐवजी हिशेब करून काढलेली नक्षी असते.

अपायाचं : घरातल्या दिव्यांकडे बघायला हरकत नाही. सूर्याकडे आणि लेझरकडे कधीही नाही. ग्रहणाचे चष्मेही पुठ्ठ्याचेच असतात, त्यामुळे घोटाळा होतो. ग्रहणाच्या चष्म्यातून घरातला दिवा दिसत नाही किंवा अगदी मिणमिणता दिसतो. तुमच्या चष्म्यातून सगळं लख्ख दिसतं, म्हणजे तो सूर्य अडवतच नाही. २ ऑगस्ट २०२७ ला महाराष्ट्रातून खंडग्रास ग्रहण दिसणार आहे. त्याआधी हा चष्मा कपाटात ठेवून द्या, पोरं उचलतात.

आणि सासूबाईंचं हसण्यावारी नेऊ नका. चष्म्याशिवाय दिव्याभोवती रंगीत कडी दिसणं हे मोतीबिंदूचं, किंवा डोळ्यांतला दाब वाढल्याचं म्हणजे काचबिंदूचंही लक्षण असू शकतं. ‘डोळे तपासा’ एवढंच नको, ‘रंगीत कडी दिसतात’ हे डॉक्टरांना त्याच शब्दांत सांगा, म्हणजे ते दाबही मोजतील. सोबत डोळा दुखत असेल, लाल झाला असेल किंवा धूसर दिसत असेल तर त्याच दिवशी न्या. नसेल तरी हा आठवडा ओलांडू देऊ नका.