सादरीकरण झालं, आता टिपण लिहिताना

अगं, तुमच्या गटाचं सादरीकरण छान झालं, पण गटात काम कसं झालं याचं टिपण 'सगळ्यांनी मिळून केलं' एवढ्यावर उरकू नकोस. तुमचाच विषय बघ: १९७२ चं नाटक 'घाशीराम कोतवाल'. संहिता विजय तेंडुलकरांची, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, संगीत भास्कर चंदावरकरांचं, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंदांची. स्लाइडवर चारही नावं होती. कोणामुळे काय घडलं, ते मात्र नव्हतं. नाटकात ओळीने उभ्या नटांची ती भिंत कधी पडदा होते, कधी गर्दी. तिथे लेखन कुठे संपतं नि नृत्य कुठे सुरू होतं, सांग बरं! हाच प्रश्न आता स्वतःच्या गटाला लाव. कोणाची कल्पना कोणी मोडली, तू कुठे गप्प बसलीस? (आम्ही हे लपवायचो, गुण जातील म्हणून.) आज रात्रीच खरडून ठेव, परवापर्यंत सगळं गोडगोड आठवायला लागेल.