२० आठवड्यांच्या सोनोग्राफीत 'बाळाच्या मेंदूत पाणी, ११ मिमी' आलंय. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की अ‍ॅनोमली स्कॅनमध्ये (बाळात व्यंग आहे का ते पाहणाऱ्या सोनोग्राफीत) लॅटरल व्हेंट्रिकल, म्हणजे मेंदूतली पाण्याची पोकळी, ११.२ मिमी रुंद आलं, बाकी सगळं ठीक आहे, आणि घरचे 'आठवड्यात काय ते ठरवा' म्हणताहेत. मी तालुक्याच्या गावी १८ वर्षं सोनोग्राफी करते. हाच कागद हातात धरून बसलेली जोडपी मी खूप पाहिली आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

हे पाणी प्रत्येक बाळाच्या मेंदूत असतं. मेंदूच्या आतल्या पोकळ्यांमध्ये कोरॉइड प्लेक्सस नावाचा झुबका ते तयार करतो. पडद्यावर पोकळी काळी दिसते आणि झुबका पांढरा. एरवी तो पोकळी जवळजवळ भरून टाकतो. पोकळी रुंदावली की एका कडेला लोंबतो. तसं दिसलं की मी थांबते आणि आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत पुन्हा मोजते, कारण प्रोब (पोटावर फिरवतो ते यंत्र) जरा तिरका झाला तरी आकडा वाढतो. १० च्या आत नॉर्मल, १० ते १२ सौम्य, त्यापुढे १५ पर्यंत मध्यम, १५ च्या वर गंभीर.

म्हणजे नुसत्या ११.२ वरून काहीच ठरत नाही. खरा प्रश्न आहे, सोबत दुसरं काही आहे का? नसेल, तर अशा सौम्य केसमध्ये ९० टक्क्यांहून जास्त मुलांची वाढ नॉर्मल होते. पण 'दुसरं काही नाही' हे नीट तपासूनच म्हणावं लागतं. फीटल मेडिसिनच्या (गर्भातल्या बाळाच्या आजारांच्या) डॉक्टरांकडून मेंदूची सविस्तर सोनोग्राफी करून घ्या. सीएमव्ही (एक विषाणू) आणि टॉक्सोप्लाझ्मा (एक परजीवी) यांच्या संसर्गासाठी आईचं रक्त तपासतात. गुणसूत्रांसाठी गर्भजलाची तपासणी करायची का, हेही ते बोलतील.

एमआरआयबद्दल विचारलंत. ब्रिटनमधल्या 'मेरिडियन' अभ्यासात (२०१७) मेंदूत दोषाची शंका असलेले ५७० गर्भ तपासले. सोनोग्राफीचं निदान ६८ टक्के बरोबर निघालं, एमआरआयचं ९३ टक्के. त्यामुळे सांगितला तर जरूर करा. फक्त २० व्या आठवड्यात मेंदू सोललेल्या बदामासारखा गुळगुळीत असतो. वळ्या नंतर पडतात, म्हणून काही गोष्टी आणखी काही आठवड्यांनीच कळतात.

मद्रास आयआयटीच्या सुधा गोपालकृष्णन ब्रेन सेंटरनं डिसेंबर २०२४ मध्ये गर्भाच्या मेंदूचा 'धरणी' हा नकाशा सर्वांसाठी खुला केला. १४ ते २४ आठवड्यांचे पाच मेंदू, ५,१३२ काप. मज्जापेशी जिथे जन्म घेतात तो थर याच पोकळीच्या भिंतीला लागून असतो. म्हणून तर आम्ही या जागेकडे इतकं बारकाईनं बघतो. असं काम आपल्या देशात झालं याचा मला मनापासून आनंद आहे.

आता घाईबद्दल. २४ आठवडे उलटले की गर्भपाताचा पर्याय संपला, असं लोक समजतात. गर्भपात कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीनुसार गर्भात गंभीर व्यंग असल्याचं वैद्यकीय मंडळानं निदान केलं, तर ती मर्यादा लागू होत नाही. मी हे तिकडे वळवायला सांगत नाहीये. तपासण्यांचे निकाल येईपर्यंत थांबायला तुम्हाला वेळ आहे, एवढंच सांगतेय. आकडा पाहूनच निर्णय घेऊन टाकलेलं एक कुटुंब मला अजून आठवतं.

दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा मोजा. बऱ्याचदा रुंदी तेवढीच राहते किंवा कमी होते. वाढली, तर पुढचं वेगळं बोलावं लागेल. जाताना नुसता रिपोर्ट नेऊ नका, फिल्मही न्या. माप कुठल्या रेषेवर घेतलंय ते तिच्यावरच दिसतं.