चहात भिजवलेल्या बेदाण्यांचा लोफ केक: बेदाणे तळाशी बसतात आणि मधला भाग कच्चा राहतो, काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की बेदाणे अर्धा तास चहात भिजवले, उरलेला चहा ओतून दिला, पीठ घट्ट वाटलं म्हणून कपभर दूध घातलं आणि १८० अंशांवर ४० मिनिटं भाजलं. दोन्ही वेळा बेदाणे खाली आणि मधोमध चिकट गोळा. माझाही पहिला केक असाच झाला होता, कारण मीही चहा ओतून दिला होता.

हा वेल्सचा बारा ब्रीथ. वेल्श भाषेत बारा म्हणजे ब्रेड आणि ब्रीथ म्हणजे ठिपक्याठिपक्यांचा. मी कार्डिफजवळ राहते, आणि हा शिकले शेजारच्या आजींकडून. त्यांची नातवंडं त्यांना ‘मामगी’ म्हणायची. दक्षिण वेल्समध्ये आजीला हाच शब्द. मूळचा ब्रीथ यीस्ट घालून फुगवलेला, खरोखरीचा ब्रेडच. बेकिंग पावडरचा प्रकार नंतर आला, आणि आता बहुतेक घरांत तोच होतो. त्यात लोणी किंवा तेल अजिबात नसतं. ओलावा येतो तो सगळा भिजलेल्या फळांतून आणि चहातून. म्हणून चहा ओतायचा नाही, आणि अर्धा तास पुरत नाही. रात्रभर भिजवा.

मी घेते ते प्रमाण: ३५० ग्रॅम बेदाणे आणि काळ्या मनुका मिळून, ३०० मिली कडक कोरा चहा, २०० ग्रॅम ब्राउन शुगर, २७५ ग्रॅम मैदा, ३ सपाट छोटे चमचे बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, एक अंडं. एक चमचा मसाला: दालचिनी, जायफळ, किंचित लवंग. इथल्या तयार मसाल्यात बऱ्याचदा धणेही असतात, चिमूटभर धणेपूड घालून बघा. कपाने मोजू नका, वजन करा.

चहाला आपली रोजचीच पूड चांगली, चार चमचे. पण उकळायची नाही. उकळत्या पाण्यात घालून पाच मिनिटं झाकायची आणि गाळायची. उकळलेल्या चहाचा तुरटपणा केकमध्ये उतरतो.

बेदाण्यांबद्दल थोडं जास्त सांगते, कारण माझं माहेर तासगावचं. पिवळ्या बेदाण्याला रंग टिकावा म्हणून गंधकाची धुरी दिलेली असते. तेव्हा कोमट पाण्यात एकदा चोळून धुवा, निथळा आणि मगच चहात टाका. काळ्या मनुकांत बिया असतील तर काढा, नाहीतर दाताखाली येतात. टूटीफ्रूटी मात्र नको, तिचा रंग सुटतो.

गरम चहातच साखर विरघळवून त्यात फळं टाका आणि ताट झाकून ठेवा. सकाळी बेदाणे टम्म फुगलेले दिसतील आणि तळाचा चहा काकवीसारखा दाट झालेला असेल. त्यात फेटलेलं अंडं, मग मैदा, बेकिंग पावडर, मीठ आणि मसाला एकत्र चाळून घाला. कोरडं पीठ दिसेनासं झालं की ढवळणं थांबवा. आजी लाकडी चमचा भरून वर धरायच्या. पीठ क्षणभर चमच्याला लटकून मग थप्पकन पडलं तर बरोबर. धार लागली तर ते सैल आहे, आणि सैल पिठात बेदाणे तळ गाठणारच. बेदाण्यांना मैदा चोळायचा उपाय इथे उपयोगाचा नाही, फळं ओलीच असतात. सैल झालंच तर दोन चमचे मैदा वाढवा.

आता भाजणं. हा केक जड असतो. १८० अंशांवर वरची साल आधी घट्ट होते आणि आत उष्णता पोचेपर्यंत ती करपायला लागते. ओटीजी असेल तर वरखाली दोन्ही कॉइल चालू ठेवा, टिन मधल्या जाळीच्या एक घर खाली, १५० अंश आणि दीड तास. तासाभराने वर फॉइल सैलसर टाका. सुई मधोमध दोन ठिकाणी खुपसा, कारण एखादी बेदाण्यात जाऊन उगाच चिकट निघते. वर लांब भेग पडली तर घाबरू नका, याला ती पडतेच.

आई अंडं खात नाही, तिच्यासाठी मी चार मोठे चमचे दही घालते. थोडा भुसभुशीत होतो, कापताना जपावं लागतं.

आणि कृपा करून त्याच दिवशी कापू नका. पूर्ण गार झाल्यावर बटर पेपरमध्ये गुंडाळून डब्यात ठेवा. दुसऱ्या दिवशी ओलावा सगळीकडे सारखा पसरतो, तिसऱ्या दिवशी सगळ्यात चांगला लागतो. बोटभर जाड काप, त्यावर खारं लोणी चांगलं जाडसर लावून, सोबत दुधाचा चहा. पुण्यामुंबईच्या दमट पावसाळ्यात बाहेर तीन दिवसांवर ठेवू नका. उरलेले काप फ्रिजमध्ये ठेवा आणि तव्यावर मंद आचेवर गरम करून खा.