लेबलशिवाय रॅपमध्ये करिअर करायचंय. सुरुवात कुठून करू?

प्रश्नात तू लिहिलंयस : वय २३, नोकरी चालू, फोनमध्ये चाळीसेक गाणी लिहून पडलेली, त्यातली तीन ‘फ्री बीट’वर (बीट म्हणजे रॅपमागचं तयार संगीत) रेकॉर्ड करून सगळीकडे टाकलेली. लेबलच्या, म्हणजे म्युझिक कंपनीच्या, दारात जायचं नाही. मग नोकरी सोडून यातच उतरावं का, आणि सुरुवात कुठून करावी? मी ११ वर्षं रॅप करतेय. लेबल कधीच नव्हतं. गेली ४ वर्षं घर यावर चालतं, त्याआधीची ७ चालत नव्हतं. वयाने मोठी आहे म्हणून अरेतुरे करते, राग मानू नकोस.

नोकरीचं आधी उरकून टाकते. सोडू नकोस. लेबल नवख्या माणसाला देतं काय, तर मुख्यतः ॲडव्हान्स. तो काही बक्षीस नसतो. तुझ्याच रॉयल्टीतून तो वळता होईपर्यंत पुढची रॉयल्टी तुझ्या हातात पडत नाही. पगार म्हणजे असा ॲडव्हान्स, की ज्याची वसुली गाण्यातून होत नाही. मी नोकरी सोडली ती सलग १२ महिने गाण्याची कमाई घरखर्चाच्या वर राहिली तेव्हा, आणि तरीही त्या रात्री झोप लागली नाही.

तुझ्या प्रश्नात मला अडखळायला लावलं ते ‘फ्री बीट’ या शब्दांनी.

माझं जे गाणं पहिल्यांदा चाललं, ते लीजच्या बीटवर होतं. लीज म्हणजे भाड्याचं घर. बीट बनवणारा तीच बीट शंभर जणांना देऊ शकतो, प्रत्येकाला अटी लावून : इतके स्ट्रीम, इतकी वर्षं, व्हिडिओ एकच, वगैरे. सगळ्यांत स्वस्त लीजमध्ये नुसती एमपी३ मिळते, त्याच्या वरच्यात वॅव्ह, त्याच्याही वरच्यात ड्रम, बेस, मेलडी असे सगळे ट्रॅक सुटे. मी स्वस्तातली घेतली होती. मर्यादा ५०,००० स्ट्रीमची. कागद वाचलाच नव्हता, कारण आपलं गाणं पन्नास हजार वेळा कोण ऐकतंय, असं वाटलं होतं. आठ महिन्यांत आकडा पार झाला. लीज वाढवून घ्यायला गेले, तर बीट दरम्यान दुसऱ्या कुणीतरी एक्सक्लुझिव्ह विकत घेतली होती. आता ती नव्याने कुणाला भाड्याने मिळणार नव्हती. थोड्याच दिवसांत माझ्या व्हिडिओवर त्याचा दावा आला. गाणं उतरवावं लागलं. चूक कुणाची? माझीच. त्याने रीतसर पैसे मोजले होते.

आता ‘फ्री’चं. बहुतेक वेळा याचा अर्थ ‘कमाई करणार नसाल तर फुकट’ असा असतो. वापरून बघ, फ्रीस्टाइल कर, मित्रांना ऐकव, ठीक. पण डिस्ट्रीब्यूटरमार्फत, म्हणजे गाणी स्ट्रीमिंग ॲपपर्यंत पोचवणाऱ्या कंपनीमार्फत, स्ट्रीमिंगवर चढवलंस की ते कमाईसाठीचं झालं, मग हातात रुपया येवो न येवो. बीटच्या वर्णनात नेमकं काय लिहिलंय ते जाऊन वाच. आणि एक : लीजवरचं गाणं कंटेंट आयडीत, म्हणजे यूट्यूबवर तेच संगीत आपोआप ओळखून दावा लावणाऱ्या यंत्रणेत, नोंदवू नकोस. डिस्ट्रीब्यूटरच्या फॉर्ममध्ये तो एक साधासा चौकोन असतो, उत्साहात टिक होऊन जातो. मग त्याच बीटवर गाणाऱ्या बाकी सगळ्यांच्या व्हिडिओंवर तुझ्या नावाने दावे जायला लागतात, आणि बीटवाला तुला कायमचा ओळखून ठेवतो. चांगल्या अर्थाने नाही.

सॅम्पलचं, म्हणजे दुसऱ्याच्या रेकॉर्डिंगचा तुकडा आपल्या गाण्यात वापरण्याचं, तर विचारूच नकोस. ‘सात सेकंदांपर्यंत चालतं’ असं कुणी सांगितलं तर हसून विषय बदल. असा नियम कुठेही नाही. १९९१ मध्ये बिझ मार्की या रॅपरविरुद्ध अमेरिकेच्या कोर्टात निकाल गेला, जुन्या गाण्याचा तुकडा परवानगी न घेता वापरला म्हणून. अल्बम बाजारातून मागे घ्यावा लागला, आणि तिथून हिप-हॉपचा आवाजच बदलला. त्याआधी एकेका गाण्यात डझनभर तुकडे शिवलेले असायचे, ते परवडेनासं झालं. परवानगी एकाची पुरत नाही, दोघांची लागते : रेकॉर्डिंग ज्याच्या मालकीचं त्याची, आणि गाणं ज्याने रचलं त्याची.

हे ‘दोघे’ तुझ्या गाण्यातही आहेत, आणि मला कुणी पहिल्या वर्षी हे समजावलं असतं तर बरंच काही वाचलं असतं. प्रत्येक गाण्यात दोन मालमत्ता असतात. एक रचना, म्हणजे शब्द आणि संगीत. दुसरी त्या रचनेचं रेकॉर्डिंग, ज्याला सगळे ‘मास्टर’ म्हणतात. दोन्हींचे पैसे वेगवेगळ्या वाटांनी येतात. डिस्ट्रीब्यूटर तुला आणून देतो ते मास्टरचे. गाणं रेडिओवर वाजलं, हॉलमध्ये वाजलं, स्ट्रीम झालं, की रचनेचेही पैसे निघतात, आणि ते जमा करणाऱ्या संस्था वेगळ्या. तिथे नोंदणी केली नाहीस तर आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. डिस्ट्रीब्यूटरकडे खातं उघडलं म्हणजे सगळं झालं, असं समजून मी तीन वर्षं काढली.

म्हणून गाणं पूर्ण झालं त्याच दिवशी, स्टुडिओतून निघण्याआधी, वाटे लिहून टाकायचे. याला स्प्लिट शीट म्हणतात. एक पान पुरतं. गाण्याचं नाव, कुणी काय केलं, रचनेत कुणाचे किती टक्के, मास्टरमध्ये कुणाचे किती, सह्या. रॅपमध्ये साधारण रिवाज असा की रचनेचा अर्धा वाटा बीटचा आणि अर्धा शब्दांचा. हुक, म्हणजे पुन्हापुन्हा येणारा मुखडा, दुसऱ्याने लिहिला असेल तर शब्दांच्या अर्ध्यातून त्याचा. मित्रांत कागद कशाला, असं वाटेल. मित्रांतच लागतो. अनोळखी माणसाशी भांडण झालं तर पैसे जातात. मित्रांत पैसेही जातात आणि सायफरला, म्हणजे रॅपरांच्या गोल करून रंगणाऱ्या बैठकीला, यायचंही बंद होतं.

बीटच्या या सगळ्या कटकटीवर मला सापडलेला तोडगा म्हणजे बाजारातली बीट शोधणं कमी करून आपला एक बीट बनवणारा शोधणं. तुझ्यासारखाच नवखा, ज्याच्याकडे बीट आहेत आणि आवाज नाही. माझी गेली ६ वर्षं एकाच मुलासोबत जोडी आहे. प्रत्येक गाणं अर्धं-अर्धं, रचनेतही आणि मास्टरमध्येही. त्याचा फायदा हिशेबापुरता नाही. बीट तुझ्या आवाजाभोवती बनते. तुझा श्वास कुठे तुटतो, आवाज कुठल्या सुरात बसतो, हे त्याला कळायला लागतं, आणि मग व्हर्सच्या (कडव्याच्या) तेराव्या बारला, म्हणजे चार ठोक्यांच्या तेराव्या आवर्तनाला, तो आपणहून ड्रम काढून घेतो, न सांगता. दुकानातल्या बीटवर हे कधी व्हायचं नाही.

स्वतंत्र म्हणजे एकट्याने सगळं करायचं, असाही समज करून घेऊ नकोस. मॅकलमोर आणि रायन लुईस या अमेरिकन रॅप जोडीचा २०१२ चा अल्बम स्वतःच्या नावावर निघाला आणि २०१४ मध्ये सर्वोत्कृष्ट रॅप अल्बमचा ग्रॅमी घेऊन गेला. पण त्यांनी वितरणासाठी वॉर्नर समूहातल्या कंपनीची मदत घेतली होती. मदत विकत घेतली, मालकी ठेवली. मिक्सिंग, म्हणजे आवाज आणि बीटचा तोल बसवणं, मीही स्वतः करत नाही. बरं जमतं, पण माझाच आवाज मी हजार वेळा ऐकलेला असतो. काय ऐकू येत नाहीये हे मला कळतच नाही.

रेकॉर्डिंगवर फार बोलत नाही. महागडा माइक घेऊ नकोस. उघड्या भिंतींच्या खोलीत महाग कंडेन्सर माइक खोलीचा प्रत्येक घुमारा टिपतो; तिथे साधा डायनॅमिक माइक कपड्यांच्या कपाटासमोर उभं राहून वापरलास तर जास्त स्वच्छ येतं. आवाज लाल रेषेपासून बराच खाली ठेव, इफेक्ट न टाकता रेकॉर्ड कर. बस.

गाणं बाहेर काढताना तारीख किमान ३-४ आठवडे पुढची दे. स्पॉटिफायवर तुझ्या फॉलोअरांच्या रिलीज रडारमध्ये (नव्या गाण्यांच्या आपोआप बनणाऱ्या प्लेलिस्टमध्ये) नेमकं तुला हवं तेच गाणं यायला हवं असेल, तर ते निदान ७ दिवस आधी पिच करावं, म्हणजे स्पॉटिफायकडे सुचवावं लागतं, आणि डिस्ट्रीब्यूटरकडून फाइल पोचायलाही वेळ जातो. तिथे ३० सेकंद ऐकलं तरच स्ट्रीम मोजला जातो, तेव्हा चाळीस सेकंदांचा पावसाच्या आवाजाचा इंट्रो मनातच ठेव. शिवाय २०२४ पासून तिथे ज्या गाण्याला मागच्या १२ महिन्यांत १,००० स्ट्रीम नाहीत, त्याला रेकॉर्डिंगची रॉयल्टी मिळत नाही. त्यामुळे दर आठवड्याला एक अर्धकच्चं गाणं टाकण्यापेक्षा दोन महिन्यांनी एक पक्कं गाणं टाक आणि दोन महिने त्याच्याच मागे लाग.

मात्र आकडे विकत घेऊ नकोस. एकदा एकाने मला ‘प्लेलिस्टवर टाकून देतो’ म्हणून पैसे घेतले. चार दिवसांत २०,००० स्ट्रीम. मी हवेत. मग बघितलं तर एकही नवीन फॉलोअर नाही, एक कमेंट नाही, ऐकणारे सगळे अशा दोन शहरांतले, जिथे मला ओळखणारं कुणी असायचं कारणच नव्हतं. पुढच्या महिन्यात गाणं काढून टाकलं गेलं, त्याचे खरे तीनेक हजार स्ट्रीमही बुडाले. पी हळद आणि हो गोरी, दुसरं काय.

त्यापेक्षा ज्यांच्यापर्यंत तू कुणाच्या मध्यस्थीशिवाय पोचू शकतोस, अशा माणसांची यादी कर. फोन नंबर, ईमेल, काहीही. फॉलोअर हे त्या ॲपचे. उद्या त्यांनी तुला दाखवणं बंद केलं की संपलं. लॉस एंजेलिसच्या निप्सी हसल या रॅपरने २०१३ मध्ये एक मिक्सटेप (अल्बमसारखा गाण्यांचा संच) नेटवर फुकट दिली आणि तिच्याच १,००० प्रती १०० डॉलरला एक अशा विकल्या. त्यातल्या १०० एकट्या जे-झी या बड्या रॅपरने घेतल्या. जे फुकट मिळतंय त्याला लोकांनी शंभर डॉलर मोजले, कारण ते त्याला वर्षानुवर्षं ओळखत होते. माझ्या यादीत आज ९०० माणसं आहेत. माझ्या वर्षाच्या कमाईत स्ट्रीमिंगचा वाटा पाचवाही नाही. बाकीचं या ९०० जणांकडून, स्टेजवरून, आणि जाहिरातींना वगैरे दिलेल्या गाण्यांतून येतं. शेवटचं शक्य होतं कारण दोन्ही मालमत्ता आमच्या आहेत. एका सहीवर काम होतं.

स्टेजवर लवकर जा. तयार होण्याची वाट बघू नकोस, पण काही गोष्टी आधीच शीक. आपल्या गाण्याची पूर्ण फाइल लावून तिच्यावर ओरडायचं नाही. शो ट्रॅक वेगळा बनवून घे : बीट, हुक, मागचे ॲडलिब (ओळींमधले छोटे उद्गार), आणि मुख्य आवाज काढलेला. माइकच्या जाळीवर पंजा आवळू नकोस. व्हिडिओत झकास दिसतं, पण आवाज डबड्यातून आल्यासारखा होतो, स्पीकर शिट्टी मारतो, आणि साउंडवाला चिडतो. साउंडवाल्याचं नाव विचारून घे, आधी पोच, वेळेत उतर. पुढचं बोलावणं मला गाण्यांपेक्षा यामुळे जास्त वेळा आलंय, हे कबूल करायला थोडं जड जातं.

आणि श्वास. ९० बीपीएमवर, म्हणजे मिनिटाला ९० ठोक्यांच्या लयीत, १६ बार म्हणजे साधारण ४३ सेकंद. खोलीत तीन तुकड्यांत रेकॉर्ड करून जोडता येतं. स्टेजवर ते ४३ सेकंद एका दमात यावे लागतात. मी जिना चढता-उतरता व्हर्स म्हणायचे. शेजारी काय म्हणायचे ते सांगत नाही.

तू सोबत दिलेली तिन्ही गाणी ऐकली. पहिलं इतर कुणाचंही असू शकेल. तिसऱ्यात तू दुसऱ्याचा आवाज काढतोयस, आणि कुणाचा ते तुलाही ठाऊक आहे. दुसरं मात्र मी चार वेळा लावलं. रात्रपाळीवरून परत येताना कुलूप आवाज न करता उघडणं, त्यावरच्या त्या चार ओळी खोट्या नाहीत. बाराव्या बारला श्वास संपतो, तिथले दोन शब्द कमी कर. हुक तसाच ठेव. ते फ्री बीटवरचं गाणं आजच सगळीकडून काढून टाक, बीट बनवणारा कुणीतरी गाठ, त्याला नुसता आवाजाचा ट्रॅक पाठव, आणि त्याने जे परत पाठवलं त्यावर पुन्हा गा. स्प्लिट शीटवर काय लिहायचं ते अडलं तर इथेच खाली विचार.