घरी मराठी, शाळेत इंग्रजी : मूल गोंधळते का?

लहान वयात दोन भाषा कानावर पडल्या तर मूल गोंधळेल, ही भीती माझ्याकडे येणारे अनेक पालक बोलून दाखवतात, आणि बहुतेकांनी येण्याआधीच घरातली भाषा बंद करून टाकलेली असते. नाशिकच्या पाथर्डी फाटा परिसरातील अशाच एका कुटुंबाची हकिगत, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून, येथे सांगते.

वडील अंबडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला, आई घरीच शिकवण्या घेणारी, आजी मूळची सटाण्याकडची आणि अहिराणी बोलणारी. चार वर्षांचा मुलगा इंग्रजी माध्यमाच्या ज्युनिअर केजीत होता. तो वर्गात बोलत नाही, तेव्हा घरी फक्त इंग्रजीच बोला, असा सल्ला शाळेतून मिळाला आणि तो तंतोतंत पाळला गेला. आई-वडिलांचे इंग्रजी कामापुरते असल्यामुळे मुलाशी होणारे बोलणे ‘कम हिअर’, ‘ईट फास्ट’, ‘डोन्ट टच’ एवढ्यावर आले. आजीने तर, आपल्या बोलीमुळे नातवाचे नुकसान होईल या धास्तीने, त्याच्याशी बोलणेच सोडले होते. मला सर्वांत जास्त वाईट वाटले ते याचेच.

मुलाची श्रवण तपासणी आधी करून घेतली. ती व्यवस्थित निघाली. मग खेळण्यातली भाजी समोर ठेवून मी त्याच्याशी मराठीत गप्पा सुरू केल्या. थोड्या वेळाने तो म्हणाला, “आजी ग्रीन मिरची ठेचते ना, मग मला खोकला येतो.” आईने लगेच टोकले, “से इट इन इंग्लिश,” आणि तो गप्प झाला. त्याचे ते वाक्य मी आई-वडिलांना पुन्हा ऐकवले. कारण आणि परिणाम त्याने अचूक जोडले होते, क्रियापदे जागच्या जागी होती, आणि शाळेत शिकलेला रंग मराठी विशेषणाच्या जागी बिनचूक बसवला होता. दोन भाषांत वाढणारी मुले असे मिश्रण करतातच; तो गोंधळ नव्हे.

“पण मॅडम, मग तो शाळेत का बोलत नाही?” वडिलांचा प्रश्न रास्त होता. नवी भाषा कानावर पडू लागली की काही मुले कित्येक आठवडे, कधी काही महिनेही, नुसती ऐकत राहतात. त्या काळात घरी मोकळेपणाने बोलता येणे फार गरजेचे असते, आणि नेमका तोच आधार येथे काढून घेतला गेला होता.

दोन भाषांनी बुद्धीवर ताण येतो, असे एकेकाळी अभ्यासकही मानत. 1962 मध्ये एलिझाबेथ पील आणि वॉलेस लॅम्बर्ट यांनी मॉन्ट्रियलमधील दहा वर्षांच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात फ्रेंच व इंग्रजी दोन्ही उत्तम जाणणारी मुले बुद्धिमापन चाचण्यांत सरस ठरली आणि त्या समजाला धक्का बसला. पुढच्या सगळ्या संशोधनांत असा लाभ सारखाच दिसलेला नाही, म्हणून दोन भाषांनी मूल हुशारच होईल, असे आश्वासन मी देत नाही. मात्र द्विभाषिकतेमुळे बोलणे लांबत नाही, हे खात्रीने सांगते. शिवाय एका भाषेत पक्की झालेली समज दुसरीत उपयोगी पडते. लहान-मोठे, आधी-नंतर, कमी-जास्त या कल्पना मराठीत उमगलेल्या मुलाला इंग्रजीत फक्त नवे शब्द शिकावे लागतात. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही, शक्य तेथे, किमान पाचवीपर्यंत घरची भाषा किंवा मातृभाषा हेच माध्यम असावे असे म्हटले आहे.

आम्ही ठरवले ते साधे होते. आई-वडिलांनी मराठीत भरपूर बोलायचे, आजीने नि:संकोच अहिराणीत, आणि इंग्रजीसाठी रोज झोपताना एक चित्रमय गोष्ट वाचायची. वर्गशिक्षिकांनाही भेटले, त्याने मान हलवून किंवा बोट दाखवून दिलेले उत्तर त्या स्वीकारू लागल्या. घरी तो लवकरच मोकळा झाला, वर्गात बोलायला मात्र दुसरे सत्र उजाडले.

काळजी करावी अशी लक्षणे वेगळी असतात. दोन वर्षांचे मूल कोणत्याही भाषेत दोन शब्द जोडत नसेल, हाकेला वळून पाहत नसेल किंवा येत असलेले शब्द विसरू लागले असेल, तर वाट न पाहता वाचा-उपचार तज्ज्ञांकडे जावे. तेथे त्याला येणारे शब्द सर्व भाषांतले मिळून सांगावेत, आणि उपचार सुरू झाले तरी घरची भाषा सोडू नये.