म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात 1988चा 'अमेझिंग स्पायडर-मॅन' कॉमिकचा 300वा अंक मिळाला. न्यूजस्टँड प्रत, म्हणजे पेपरच्या स्टॉलवर विकलेली, कशी ओळखायची? ग्रेड, म्हणजे स्थितीचे गुण, किती येईल?

मुखपृष्ठावरच्या छोट्या चौकटीत बारकोड असेल तर न्यूजस्टँड, चित्र असेल तर डायरेक्ट, म्हणजे कॉमिकच्या दुकानांसाठीची प्रत. व्हेनम हा खलनायक पहिल्यांदा पूर्णपणे याच अंकात दिसतो, म्हणून एवढी मागणी! न्यूजस्टँड प्रती स्टँडवर हाताळल्या गेल्या, त्यामुळे चांगल्या स्थितीत कमीच सापडतात.

ग्रेड 10पैकी असतो. कणा, म्हणजे पानं जोडलेली कड, उजेडात तिरका धरा. रंग उडालेली प्रत्येक घडी ग्रेड खाली आणते. पिना नक्की बघा. आपल्या गोंयच्या पावसात त्या गंजतात आणि गंज कागदात उतरतो. माझे दोन अंक असेच गेले. मायलरची (पारदर्शक पॉलिस्टरची) पिशवी आणि ओल शोषणारं सिलिका जेल वापरा, आणि कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. सेलोटेप तर अजिबात नको.